करार मुंबईत, फुगवटा सिरोंचात

२३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत महाराष्ट्राचे देवेंद्र फडणवीस आणि तेलंगणाचे के. चंद्रशेखर राव या दोन मुख्यमंत्र्यांनी तीन बॅरेजेसच्या करारांवर सह्या केल्या: गोदावरीवरचं मेडीगड्डा, प्राणहितेवरचं तुम्मिडीहट्टी आणि पैनगंगेवरचं चनाखा-कोरटा. राव हैदराबादला परतले तेव्हा विमानतळाबाहेर त्यांची विजययात्रा निघाली. आपल्याकडे ही बातमी एक दिवस छापून आली आणि विरून गेली. सह्या झाल्या त्या टेबलापासून गडचिरोलीचं सिरोंचा हजारएक किलोमीटर लांब. तीनपैकी दोन बॅरेजेसचं पाणी मात्र याच जिल्ह्याच्या काठाला लागणार होतं.

दोन राज्यांनी भांडण न्यायालयात न नेता बसून सोडवलं, ही गोष्ट मुळात चांगलीच. कृष्णा आणि कावेरीच्या खोऱ्यांत काय चालतं ते पाहिलं की या कराराची किंमत कळते. प्रश्न आहे तो करारात बसलं कोण आणि उठवलं गेलं कोण याचा. दहा वर्षांचा हिशोब मांडताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सहकार्य राजधानी आणि राजधानी यांच्यात झालं. नदीकाठचा तालुका त्यात पक्षकार नव्हता, आणि पुढे जे काही बिघडलं ते दुरुस्त करायला त्याच्या हातात कागदाचा एक तुकडाही नव्हता.

या नदीवर दूरच्या माणसांनी आखलेली ही पहिली योजना नव्हे. १८६० मध्ये निजामाकडून गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके इंग्रजांकडे आले आणि सिरोंचा हे ‘अप्पर गोदावरी’ जिल्ह्याचं मुख्य ठाणं झालं. आज तालुक्याचं गाव असलेलं सिरोंचा तेव्हा जिल्ह्याचं गाव होतं. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडून चांद्याला जोडला गेला. मधल्या काळात आर्थर कॉटन यांच्या कल्पनेतून वऱ्हाड-नागपूरचा कापूस नावांनी थेट समुद्रापर्यंत न्यायची खटपट चालली होती. वाटेत खडकांचे तीन अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि अहेरीजवळचं देवलमरी. त्यांना वळसा घालायला कालवे आणि बांध सुरू झाले. दरम्यान रेल्वे आली, खर्च वाढत गेला आणि १८७१ मध्ये काम सोडून दिलं गेलं. त्यानंतर शंभर वर्षांनी इंचमपल्लीचं नाव पुन्हा निघालं, या वेळी मोठ्या धरणासाठी. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम या जोडधरणांमुळे दक्षिण गडचिरोली आणि बस्तरचं जंगल व शेकडो माडिया-गोंड गावं बुडणार होती. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात लालश्याम शाह आणि बाबा आमटे यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं आणि ती धरणं मागे पडली. काठावरच्या माणसाचं म्हणणं निर्णयात मोजलं गेल्याचा या खोऱ्यातला हा ठळक प्रसंग, आणि तो चर्चेच्या टेबलावर नव्हे तर मोर्च्यातून घडला.

कायद्याची चौकट आहे बच्छावत लवादाची. गोदावरी लवादाचा अंतिम निवाडा १९८० चा. त्याआधी सत्तरच्या दशकात राज्याराज्यांनी आपसात केलेले करार लवादाने जसेच्या तसे निवाड्यात घेतले. म्हणजे या खोऱ्यात वाटाघाटीची परंपरा आहे. नदीचा कोणता भाग कोणाचा, किती पाणी कोण अडवणार, हे ठरलेलं आहे. मात्र त्या सगळ्या कागदांत पाणी टीएमसीत मोजलंय. फुगवट्याने शेत चिबाडलं तर काय, दरवाजे एकदम उघडले आणि काठ खचला तर काय, यावर फारसं काही नाही.

इथे नांदेडच्या बाभळीकडे एकदा पाहायला हवं, कारण तिथे पारडं नेमकं उलटं आहे. बाभळीला महाराष्ट्र वरच्या अंगाला आणि तेलंगणा खाली. तिथे महाराष्ट्राने बंधारा बांधला आणि श्रीरामसागरचं पाणी आटेल म्हणून आंध्रात गदारोळ झाला. जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आमदारांचा ताफा घेऊन बंधाऱ्याकडे निघाले आणि धर्माबादेत त्यांना अटक झाली. शेवटी २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधारा राहू दिला, पण अटी घातल्या. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं, आणि यावर लक्ष ठेवायला केंद्रीय जल आयोगाच्या प्रतिनिधीसह तीन सदस्यांची समिती. नांदेडचा शेतकरी आजही या तारखांवर चरफडतो. भर पावसाळ्यात पाणी डोळ्यांदेखत वाहून जातं आणि पाऊस सरल्यावर दरवाजे टाकायचे, हा कसला न्याय, असं तो म्हणतो, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. तरीही तिथे तारीख आहे, आकडा आहे आणि दोन्ही सरकारांखेरीज तिसरा साक्षीदार आहे. त्या दिवशी दरवाजे उघडतात आणि ते उघडताना दोन्हीकडचे अधिकारी हजर असतात. मेडीगड्ड्याच्या बाबतीत सिरोंच्याच्या माणसाला असा एकही दिवस माहीत नाही, ज्या दिवशी त्याने काठावर जाऊन हक्काने पाहावं.

मेडीगड्डा समजून घ्यायचं तर आधी नकाशा. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळून प्राणहिता होते. ती ११३ किलोमीटर वाहत सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. समोर कालेश्वरम. संगमाच्या खाली वीसेक किलोमीटरवर तेलंगणातलं मेडीगड्डा आणि आपल्याकडचं पोचमपल्ली यांच्यामध्ये ८५ दरवाजांचं बॅरेज. साठा सुमारे १६ टीएमसी, पूर्ण साठवण पातळी समुद्रसपाटीपासून १०० मीटर. इथून पाणी पंपांनी उचलून अन्नारम, सुंदिल्ला करत गोदावरीच्याच पात्रातून उलटं वर न्यायचं आणि एल्लमपल्लीत टाकायचं, अशी ही योजना. २१ जून २०१९ रोजी तिचं उद्घाटन झालं. फडणवीस होते, आंध्रचे जगनमोहन रेड्डी होते. शेजाऱ्याच्या प्रकल्पाच्या पूजेला आपला मुख्यमंत्री पाहुणा म्हणून बसतो, हे दृश्य भारतीय पाणीवाटपात दुर्मीळच.

पाणी आमच्या प्राणहितेचं, साठा त्यांचा, आणि बुडीत दोघांचं. कागदावर बुडीत पात्रातच राहणार होतं. प्रत्यक्षात काय होतं ते आरडा, मुगापूर, पेंटिपाका, वडधम या बाजूच्या शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहिलं की दिसतं. नदी भरून वाहते तेव्हा तिला मिळणारे नाले उलटे फिरतात. पाणी वरून येत नाही, खालून चढतं. कपाशी आणि मिरचीच्या मुळाशी ते आठ-आठ दिवस उभं राहतं. मग दरवाजे उघडले की तेच पाणी ओढ घेतं आणि काठाची काळी जमीन ढेकळाढेकळाने नदीत उतरते. उरलेल्या शेतावर रेतीचा थर. जुलै २०२२ च्या पुरात मेडीगड्ड्यावरून २८ लाख क्युसेकच्या वर पाणी गेलं, भद्राचलमला गोदावरी ७१ फुटांवर चढली, खुद्द तेलंगणाचं कन्नेपल्लीचं पंपगृह बुडालं. अशा पुरात बॅरेज नसतं तरी शेतं बुडालीच असती, असं तेलंगणाचे अभियंते म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण किती बुडाली असती? हा प्रश्न विचारणारी संयुक्त यंत्रणा असती तर उत्तर मिळालं असतं.

सगळी मेख इथेच आहे. तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा नुकसानीचं कारण ‘पूर’ असं लिहिलं गेलं, तर शेतकरी नैसर्गिक आपत्तीच्या निकषात बसतो आणि त्याला हेक्टरी ठरलेली मदत मिळते, तीही कमाल मर्यादेत आणि राज्याच्या तिजोरीतून. तेच कारण ‘प्रकल्पाचा फुगवटा’ असं ठरलं, तर त्याची जमीन संपादित व्हायला हवी, बाजारभावाच्या पटीत मोबदला मिळायला हवा, आणि तो खर्च तेलंगणाचा. एका शब्दावर लाखोंचा फरक. आणि तो शब्द ठरवायला लागते संयुक्त मोजणी: इकडचं भूमी अभिलेख, तिकडचा सिंचन विभाग, दोघांची पातळीची खूण एकाच दगडावर. मोजणी रखडते. फाइल तहसीलातून गडचिरोलीला, तिथून नागपूर, मुंबई आणि मग हैदराबाद असा प्रवास करते. इकडचा अधिकारी म्हणतो पैसे तिकडून यायचेत, तिकडचा म्हणतो प्रस्ताव इकडून यायचाय. सिरोंच्यात शेतकऱ्यांनी साखळी उपोषणं केली ती याच मधल्या पोकळीविरुद्ध. दोन सरकारांचं सहकार्य असलं की जबाबदारी दुप्पट व्हायला हवी. इथे ती अर्धी-अर्धी होऊन कुठेच उरली नाही.

मग २१ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी सातव्या ब्लॉकमधले खांब खचले. उद्घाटनाला साडेचार वर्षं झाली नव्हती. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाने नियोजन, आराखडा, बांधकामाचा दर्जा आणि देखभाल अशा सगळ्याच टप्प्यांवर बोट ठेवलं. दरवाजे उघडे ठेवून साठा रिकामा करावा लागला. तेलंगणात सरकार बदललं. कॅगने प्रकल्पाचा खर्च १ लाख ४७ हजार कोटींवर जाईल असा अंदाज दिला. न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांच्या आयोगाने जुलै २०२५ मध्ये अहवाल दिला आणि मूळ ठरलेली तुम्मिडीहट्टीची जागा सोडून मेडीगड्डा निवडण्याच्या निर्णयावरच ताशेरे ओढले. तिकडच्या विधानसभेत या सगळ्यावर रात्री उशिरापर्यंत वाद झाला. तो वाद जवळजवळ पूर्णपणे तेलंगणाच्या पैशाचा आणि तेलंगणाच्या पाण्याचा होता. काठाच्या अलीकडे गेलेल्या जमिनीचा उल्लेख त्यात शोधावा लागतो. आणि आपल्या विधानसभेने तरी तो किती केला?

खांब खचल्याच्या रात्रीच बॅरेजवरच्या पुलाची वाहतूक बंद झाली. महादेवपूरहून सिरोंचाकडे येणारी ही जवळची वाट होती. धरणाच्या राजकारणात ही किरकोळ बाब ठरली, पण पोचमपल्लीच्या बाजूने पलीकडे कापूस नेणाऱ्याला ती किरकोळ नव्हती.

जगात अशा शेजाराचं गाजलेलं उदाहरण म्हणजे मेकाँग नदी. खालचे चार देश, म्हणजे थायलंड, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाम, यांनी १९९५ मध्ये मेकाँग नदी आयोग स्थापला. वरचा चीन सदस्य झाला नाही, फक्त संवादापुरता भागीदार राहिला. २००२ पासून तो पावसाळ्यातले पाणीपातळीचे आकडे द्यायला लागला, आणि वर्षभराचे आकडे द्यायला २०२० उजाडलं. मधल्या काळात चीनने स्वतःच्या पुढाकाराने लानत्सांग-मेकाँग सहकार्याचा वेगळा मंच उभा केला, तो २०१६ मध्ये, म्हणजे आपला करार झाला त्याच वर्षी. चीन आणि आसियानचा मुक्त व्यापार २०१० पासून चालू आहे आणि तो प्रचंड वाढला. पण कंबोडियातल्या टोनले साप सरोवराच्या कोळ्याला व्यापाराच्या आकड्यांशी काय देणंघेणं? त्याला हवी होती धरणातून उद्या किती पाणी सुटणार याची आगाऊ खबर. गडचिरोलीशी तुलना ताणायची नाही. महाराष्ट्र-तेलंगणा ही एकाच देशातली राज्यं, वर सर्वोच्च न्यायालय आहे. शिवाय इथे मोठा शेजारी खालच्या अंगाला बसलाय. पण खबर हीच मदत, ही गोष्ट दोन्हीकडे तंतोतंत सारखी आहे. आणि तिथे चार लहान देशांनी निदान आपला एक आयोग तरी केला. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचं मिळून एकही नदीमंडळ नाही.

तेलंगणाला ‘मोठा शेजारी’ म्हणण्यात सिरोंच्याच्या अंगाने काहीच अतिशयोक्ती नाही. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशेहून अधिक किलोमीटर, आणि आलापल्लीपर्यंतचा रस्ता पावसाळ्यात रस्ता म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहत नाही. दुसरीकडे, त्याच २०१६ च्या ऑक्टोबरात तेलंगणाने दहा जिल्ह्यांचे एकतीस केले. नदीपलीकडे भूपालपल्ली, मंचेरियल, आसिफाबाद अशी जिल्ह्याची ठाणी उगवली. म्हणजे सिरोंच्याला जवळचं कलेक्टर ऑफिस दुसऱ्या राज्याचं आहे. वेगळ्या अहेरी जिल्ह्याची मागणी आपल्याकडे निवडणुकीपुरती जागते.

म्हणून खरं आर्थिक सहकार्य कराराशिवायच चाललंय, आणि ते फार जुनं आहे. सिरोंचा तालुक्यात घरची बोली तेलुगू, शाळा मराठी, आणि सोयरीक दोन्ही काठांना. गोदावरी, प्राणहिता आणि इंद्रावतीवर गेल्या दहा-पंधरा वर्षांत पूल झाले आणि डोंग्यांचा जमाना संपला. आता बाळंतपणाला मंचेरियल, मोठ्या आजाराला करीमनगर नाहीतर वरंगल, रेल्वे पकडायची तरी मंचेरियलच. मिरची आणि कापूस पलीकडच्या व्यापाऱ्याला. दरवर्षी जानेवारी ते एप्रिल चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांतून मजुरांच्या गाड्या मिरची तोडायला खम्मम-वरंगलकडे जातात. कुटुंबच्या कुटुंब जातं. पोरांची शाळा सुटते, आणि परतताना मजुरीच्या पैशांबरोबर एखादं पोतं लाल मिरचीही येते. या माणसांची नोंद कुठल्याच राज्याकडे नीट नाही. दोन सरकारांना खरंच सहकार्य करायचं असेल तर बॅरेजपेक्षा स्वस्त काम आहे हे. मिरचीच्या हंगामात रेशन दोन्हीकडे चालावं, पोरांना तिथे तात्पुरती शाळा मिळावी, अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची ते ठरलेलं असावं. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ कागदावर आहेच. शेताच्या कडेला पाल ठोकून राहणाऱ्या बाईला ते दुकानदारापुढे सिद्ध करता यायला हवं.

सहकार्याची काळी बाजूही याच पुलांवरून जाते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि बाटली कुठून येते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेलंगणातला स्वस्त रेशनचा तांदूळ इकडच्या बाजारात येतो आणि सिरोंच्याच्या जंगलातलं सागवान तिकडे जातं, पूर्वी तर ते सरळ नदीत लोटून. पोलिसांचं सहकार्य मात्र बाकी कुठल्याही खात्यापेक्षा जुनं आणि घट्ट. १९८० मध्ये पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाच्या दलमांनी गोदावरी ओलांडली तेव्हापासून दोन्हीकडच्या पोलिसांना एकमेकांवाचून गत्यंतरच नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवली. तो मूळचा तेलंगणातल्या पेद्दपल्लीचा. बंदुकीच्या प्रश्नावर दोन राज्यं रोज माहितीची देवाणघेवाण करू शकतात, तर पाण्याच्या पातळीवर का नाही, असं सिरोंच्यात कोणी विचारलं तर त्याला काय सांगणार?

वन खात्यांनाही एकमेकांशी बोलावं लागतं, कारण जनावरं नकाशा वाचत नाहीत. ताडोब्याकडचे वाघ कागजनगरच्या जंगलात जाऊन स्थिरावले. एप्रिल २०२४ मध्ये गडचिरोलीतला एक टस्कर प्राणहिता पोहून आसिफाबाद जिल्ह्यात गेला आणि दोन दिवसांत दोन शेतकऱ्यांचा जीव घेतला. तिकडे हत्ती कोणी पाहिलेलाच नव्हता. इकडे त्याचा माग काढणारी माणसं होती, पण ‘निघालाय’ हा निरोप नदीपलीकडच्या गावात वेळेत पोचला नाही.

सीमाच जिथे ठरत नाही अशी जागा म्हणजे चंद्रपुरातल्या जिवतीची चौदा गावं: परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा, भोलापठार आणि बाकीची. दुष्काळाच्या काळात मराठवाड्यातून आलेली कुटुंबं इथे बहुसंख्येने आहेत. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणानंतर गावं महाराष्ट्राची ठरली, पण आंध्रने आणि पुढे तेलंगणाने आपलं काम थांबवलं नाही. दोन सरपंच, दोन शाळा, दोन रेशन कार्डं. २०२४ च्या लोकसभेला दोन्हीकडचं मतदान वेगवेगळ्या तारखांना असल्याने दोन्हीकडे मतदान करता आलं. शहरात याची गंमत वाटते. पण ज्या गावाला दोन राज्यं पोसतात त्याच गावात जमिनीचा पट्टा द्यायला एकही राज्य पुढे येत नव्हतं, कारण जमीन वनखात्याची आणि वाद सीमेचा. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ही गावं पूर्णपणे आपल्यात घेण्याची घोषणा केली. त्यावर गावातली पहिली चौकशी पट्ट्याची होती, आणि दुसरी तिकडच्या पेन्शनची: ती बंद होणार का? तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू ही शेतकरी मदतीची योजना सुरू करून एकरी हंगामाला चार हजार दिले तेव्हा नांदेडच्या धर्माबाद भागातल्या गावांनीच आम्हाला तिकडे जोडा म्हणून मागणी केली होती. सीमेवरचा माणूस दोन्ही सरकारांचा हिशोब बोटांवर ठेवतो आणि त्यात काही गैर नाही.

आता तुम्मिडीहट्टी पुन्हा चर्चेत आलं आहे. मूळ प्राणहिता-चेवेल्ला योजनेत तिथे १५२ मीटर पातळी होती. पृथ्वीराज चव्हाणांच्या काळात मे २०१२ मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री किरणकुमार रेड्डी यांच्याशी करार होऊन आंतरराज्य मंडळ ठरलं, तरी १५२ ला महाराष्ट्राने होकार दिला नाही. २०१६ मध्ये १४८ वर सही झाली. वर चपराळा अभयारण्य आहे, चामोर्शी आणि गोंडपिपरीची शेतं आहेत. सपाट काठावर एक मीटर म्हणजे आत किती घुसतं हे मेडीगड्ड्याने दाखवून दिलंच आहे. तेलंगणाच्या रेवंत रेड्डी सरकारला ही पातळी वाढवून हवी आहे आणि त्यासाठी ते महाराष्ट्राशी बोलणार असं सांगतात. या वेळी महाराष्ट्राकडेही बोलायला मुद्दा आहे. वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. गोसीखुर्दचं सुमारे ६२ टीएमसी पाणी पश्चिम विदर्भाकडे वळलं तर प्राणहितेत येणारं पाणी तितकंच घटणार. म्हणजे दोघांनाही एकमेकांचा होकार लागणार.

सौदा होईल, बहुधा लवकरच. मीटरवर घासाघीस होईल आणि १४८ व १५२ च्या मध्ये कुठेतरी गाडी थांबेल. मला त्या आकड्यापेक्षा परिशिष्टात काय लिहिलं जातं यात जास्त रस आहे. पहिला दरवाजा टाकण्याआधी संयुक्त मोजणी पुरी होणार का? फुगवट्याची खूण गावागावांत दगडावर कोरली जाणार का? दरवाजे उघडण्याआधी किती तास निरोप द्यायचा, आणि तो तेलुगूत व मराठीत कोणी द्यायचा? मोबदल्याचे पैसे आधी महाराष्ट्राच्या खात्यात जमा करून घेणार, की पुन्हा फाइल हैदराबादच्या वाटेला लावणार? बाभळीसारखी तिसऱ्याची समिती असणार का, आणि तिच्यात चामोर्शीचा, सिरोंच्याचा एखादा ग्रामसभेचा माणूस बसणार का? पेसा आणि वनहक्काच्या कायद्यांनी या जिल्ह्यातल्या ग्रामसभांना भूसंपादनाआधी विचारलं जाण्याचा अधिकार दिलाय. लेखा-मेंढा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून तो वापरून दाखवला. शेजारी राज्याशी होणाऱ्या करारात तो अधिकार कुठल्या कलमात येतो, हे सह्या व्हायच्या आधी विचारावं लागेल. सध्या मेडीगड्ड्याचे दरवाजे उघडे आहेत, मोजणीची टेप कोरड्या काठावर सहज पसरता येईल, आणि ती पसरायला कुठल्याही नव्या कराराची गरज नाही.